थीम पार्कच्या रांगा: तीन मुलं, एक आजी आणि हातात एकच दिवस

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नवरा-बायको, तेराची थोरली, आठचा मधला, चारचा धाकटा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. मागच्या वेळी तुम्ही अकराच्या सुमारास पोहोचलात, दिवसभरात पाच राइड झाल्या, बाकी वेळ रांगेत गेला. तिसऱ्या रांगेत धाकट्याने भोकाड पसरलं आणि संध्याकाळपर्यंत थोरलीने बोलणंच टाकलं. आता पुन्हा जायचंय आणि तुम्ही विचारताय, जास्तीचे पैसे भरून फास्ट पास, म्हणजे वेगळ्या छोट्या रांगेतून आत सोडणारा पास, घेतला तर हे टळेल का?

मी चौदा वर्षं राइड ऑपरेशन्समध्ये काढली. सुरुवातीला प्लॅटफॉर्मवर लॅप बार, म्हणजे बसलेल्यांच्या मांडीवर येणारा दांडा, ओढून तपासायचो, मग रांगा सांभाळल्या, आणि शेवटची काही वर्षं आज कुठली राइड किती ट्रेनवर चालवायची हे सकाळी ठरवणाऱ्यांमध्ये होतो. त्यामुळे पुढचं बरंचसं रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलेलं आहे. काही गोष्टी मात्र तुमच्याच हातात आहेत: सुट्टीचा दिवस की शाळेचा, पार्क केवढं, तुम्ही जवळ मुक्कामाला आहात की लांबून येणार, धाकट्याची उंची किती. सुट्टीतला शनिवार-रविवार असेल तर खालचं सगळं करूनही रांगा लागतीलच. फक्त पाचाच्या ठिकाणी नऊ-दहा राइड होतील आणि रडारड कमी होईल. त्याहून मोठं आश्वासन मी देणार नाही.

तुमच्या प्रश्नात ‘अकराच्या सुमारास पोहोचलो’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबलो. मागचा दिवस बिघडला तो तिथेच. राइड चालू झाली की पहिल्या फेरीपासून ती जवळपास पूर्ण क्षमतेने माणसं फिरवू शकते. माणसं मात्र आरामात येतात. कुणी उशिरा उठलेलं असतं, कुणी पार्किंगमध्ये अडकलेलं, कुणी तिकिटाच्या खिडकीशी. त्यामुळे पहिल्या तासात कित्येक सीटा रिकाम्या फिरतात. साडेदहाच्या पुढे लोंढा लागतो. राइड पेलू शकते त्याहून जास्त माणसं तासाभरात येऊन उभी राहिली की जादाची सगळी रांगेत साचतात. एकदा साचलेली ही रांग दुपारभर ओसरत नाही, कारण पुढून जितके चढतात तितकेच मागून येऊन उभे राहतात. दुपारी तीनला तुम्ही ज्या रांगेत ताटकळता ती खरं तर साडेअकरालाच तयार झालेली असते. त्या रांगेत शहाणपणाने उभं राहण्याची कुठलीही युक्ती नाही. ती साचायच्या आधी जितकं उरकता येईल तितकं उरकायचं.

आता रांग वाचायची कशी ते सांगतो. हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवायचो.

बहुतेक लोक रांगेची लांबी बघून ठरवतात, आणि तिथेच फसतात. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांबद्दलचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या पुढे असलेल्या माणसांना राइडच्या वेगाने भागा, म्हणजे थांबायचा वेळ मिळतो. एक उदाहरण घ्या. रोलर कोस्टरच्या ट्रेनमध्ये २४ सीटा आहेत आणि दर मिनिटाला एक ट्रेन सुटते. तासाला १४४० माणसं. शेजारी लहान मुलांची विमानांची चक्री आहे: १६ विमानं, प्रत्येकात दोघं, म्हणजे फेरीला ३२. फेरी दीड मिनिटाचीच असते, पण आधीच्यांना उतरवणं, नव्यांना बसवणं, पट्टे लावणं आणि ‘मला निळंच विमान हवं’ म्हणणाऱ्याची समजूत घालणं यात आणखी अडीच मिनिटं जातात. चार मिनिटांना एक फेरी, तासाला पंधरा, म्हणजे फार तर ४८०. दोन्हींपुढे ३०० माणसं उभी असतील तर कोस्टरला साडेबारा मिनिटांत नंबर लागेल आणि चक्रीला साडेसदतीस मिनिटांत. विमानात एकेकटे बसलेले लोक धरले तर त्याहूनही उशिरा. तरी आईवडील कोस्टरची नागमोडी रांग बघून घाबरतात आणि ‘चला, तोवर छोट्याचं उरकून घेऊ’ म्हणत चक्रीत अडकतात.

पार्क चालवणाऱ्यांनाही हे कोडं सोपं नाही. डिस्नेच्या डंबो या उडत्या हत्तींच्या चक्रीत १६ हत्ती असतात. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये तिची रांग आवरेना, तेव्हा २०१२ मध्ये शेजारी तशीच दुसरी चक्री उभारली. मुलांना खेळायला तंबू दिला आणि पालकांच्या हातात नंबर आला की वाजणारा पेजर. म्हणजे चक्री भरभर चालवणं त्यांनाही जमलं नाही, दुसरी बांधावी लागली. याच्या उलट, १९६९ मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झालेलं हाँटेड मॅन्शन. तिथल्या बग्ग्या साखळीसारख्या एकामागून एक जोडलेल्या आहेत, त्या थांबतच नाहीत. सरकत्या पट्ट्यावरून चालत तुम्ही बग्गीत बसता. अशी न थांबणारी राइड रांग भराभर गिळते. तुमच्या पार्कमध्ये राइडची नावं वेगळी असतील, पण हे दोन प्रकार तुम्हाला दिसतीलच. बोटीत, बग्ग्यांत, लांब गाड्यांत बसून सरकत जायच्या राइड वेगवान. गोल फिरणाऱ्या चक्र्या, धडकगाड्या, छोटे कोस्टर आणि मोजक्या होड्यांचे पाण्याचे खेळ धीमे.

एखाद्या रांगेबद्दल शंका असेल तर मोजून बघा. राइडच्या बाहेर पडायच्या दाराशी तीन मिनिटं उभं राहून किती माणसं बाहेर येतात ते मोजा. साठ आली तर मिनिटाला वीस. मग नागमोडी रांगेतल्या एका ओळीतली डोकी मोजा आणि ओळींनी गुणा. ओळीत चाळीस, ओळी नऊ, म्हणजे ३६०. अठरा मिनिटं. आत इमारतीत आणखी रांग दडलेली असेल तर अंदाज चुकेल, म्हणून आतून नुकत्याच बाहेर आलेल्या कुणाला तरी ‘किती वेळ लागला हो?’ म्हणून विचारा. लोक हे फार आनंदाने सांगतात. हे मोजायचं काम तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला द्या, मन लावून करेल.

दाराशी लावलेला किंवा ॲपमधला वेळही बघा, पण तो साधारण अंदाज म्हणूनच. काही पार्कमध्ये रांगेत शिरणाऱ्या एखाद्याच्या हातात कार्ड देतात, पुढे प्लॅटफॉर्मवर ते परत घेतात आणि मधला वेळ पाटीवर लावतात. म्हणजे पाटीवर दिसतो तो त्या माणसाने आधीच काढलेला वेळ, तुम्हाला लागणारा नव्हे. शिवाय पाटीवर जरा जास्तच लिहायची आमची सवय असते. चाळीस लिहून तिशीत नंबर लागला तर माणूस खूश होतो, तीस लिहून चाळीस लागले तर तोच माणूस भांडायला येतो. दिवस संपत आला की हे आणखी वाढतं, कारण शेवटच्या तासात नवी माणसं आत घ्यायची कुणाचीच इच्छा नसते.

सकाळच्या पहिल्या तासात काय करायचं, यावर लोक हमखास चुकतात. सगळे धावत सर्वांत मोठ्या, सर्वांत नव्या कोस्टरकडे जातात. तुम्ही गेटातून शिरणाऱ्या पहिल्या शंभरात असाल तर जरूर जा. नसाल तर सगळ्यांनी मिळून तिकडे जाऊ नका. तुम्ही पोहोचेपर्यंत तिथे चारशे माणसं असतात आणि तुमच्या सोन्यासारख्या तासाचा मोठा तुकडा त्या एका राइडमध्ये जातो. त्या तासात धीम्या राइड उरकायच्या, कारण मोठा कोस्टर दुपारीही बऱ्यापैकी वेगाने माणसं घेईल, पण चक्रीची रांग एकदा भरली की संपली. तुमच्याकडे दोन मोठी माणसं आहेत, म्हणून मी तर पहिल्या तासापुरतं कुटुंबच दोन भागांत वाटेन. एकाने धाकट्याला आणि मधल्याला घेऊन लहान मुलांच्या भागात जायचं, तिथल्या तीन-चार चक्र्या संपवायच्या. दुसऱ्याने थोरलीला घेऊन मोठ्या कोस्टरकडे. तिच्या वयाला तिचं म्हणणं पहिल्या अर्ध्या तासात ऐकलं गेलं तर पुढचा दिवस ती धाकट्याला सांभाळायलाही तयार होते, हे मी माझ्या घरी पाहिलेलं आहे. ‘सगळे सतत एकत्र’ हा हट्ट सोडला की वेळ मोकळा होतो. एकत्र फिरायला दुपार पडली आहे.

बरेच जण सांगतात, माणसं उजवीकडे वळतात म्हणून तुम्ही डावीकडे जा. माझा यावर फारसा भरवसा नाही. फरक पडतो तो किती आत जाता यावर. गेटापासून पहिल्या वळणावरच्या राइडवर दिवसभर गर्दी असते, कारण येणारा प्रत्येक जण समोर दिसलं त्यात शिरतो. सकाळी सरळ आत चालत जा आणि मागून पुढे या.

गेटाशी वेळ घालवू नका. तिकिटं आधी काढलेली हवीत, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट फोनमध्ये हवा, कारण गेटाशी हजार माणसं जमली की नेटवर्क दगा देतं. उघडायच्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचा. बऱ्याच पार्कमध्ये बाहेरचं गेट आणि सामानाची तपासणी आधी चालू होते, राइड ठरल्या वेळेला. बॅग एकच ठेवा. प्रत्येकाच्या खांद्यावर बॅग असली की तपासणीला वेळ लागतो आणि पुढे प्रत्येक मोठ्या राइडपाशी लॉकर शोधत बसावं लागतं. पार्कच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना काही ठिकाणी अर्धा-एक तास आधी आत सोडतात. मुक्काम करणारच असाल तर ही सोय आहे का ते बघून खोली घ्या. हा अर्धा तास फास्ट पासहून मोलाचा ठरू शकतो.

आता उंची. यावर जरा जास्त लिहितो, कारण प्लॅटफॉर्मवर उभं राहून मला सगळ्यांत वाईट हेच वाटायचं. पन्नास मिनिटं रांगेत काढून एक मुलगा माझ्यासमोर आला. उंचीच्या काठीखालून त्याचं डोकं बोटभर कमी. त्याने टाचा उचलल्या, आईने केस वर केले, मी नाही म्हणालो. वडील चिडले, मुलगा रडला नाही, नुसता खाली बघत राहिला. रांगेच्या तोंडाशी आमच्याच माणसाने त्याला मोजायला हवं होतं, ते राहून गेलं होतं. चूक आमची होती, पन्नास मिनिटं त्याची गेली. त्यात सूट द्यायचा अधिकार कुणालाच नसतो, कारण तो लॅप बार आणि ती सीट ठरावीक अंगाच्या माणसासाठीच बनवलेली असते. म्हणून घरीच मोजा, त्या दिवशी घालायचे तेच बूट घालून. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट सेंटिमीटरमध्ये असते. मोठ्या कोस्टरना १०२, १०७, ११२, १२२ असे आकडे भेटतील. चार वर्षांचं मूल साधारण शंभरच्या आसपास असतं, म्हणजे तुमचा धाकटा नेमका काठावर असणार. त्याला काय चालणार नाही हे घरातून निघायच्या आधी सांगा. रांगेच्या शेवटी कळलं तर ते दुःख दुप्पट होतं.

जिथे धाकट्याला घेणार नाहीत तिथे बहुतेक मोठ्या पार्कमध्ये पालकांची अदलाबदल चालते. नाव ठिकाणाप्रमाणे बदलतं, रायडर स्विच किंवा चाइल्ड स्वॅप. रांगेत शिरतानाच तिथल्या माणसाला सांगायचं, की आमच्यात एक लहान आहे. मग एक पालक मोठ्या मुलांना घेऊन रांगेत जातो, दुसरा लहानग्याबरोबर बाहेर थांबतो, आणि पहिला परत आला की दुसऱ्याला लांब रांग न लावता आत घेतात. बहुतेक ठिकाणी त्या दुसऱ्याबरोबर एखाद्या मोठ्या मुलालाही जाऊ देतात. म्हणजे तुमच्या थोरलीला तीच राइड दोनदा मिळते, रांग एकदाच. ही सोय फुकट असते आणि तरीही निम्म्या लोकांना माहीत नसते. आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. शिवाय तुमच्याबरोबर सासूबाई आहेत. धाकट्याला घेऊन त्या सावलीत बसायला तयार असतील तर एखाद्या राइडला तुम्हा चौघांनाही एकत्र जाता येईल. पण दिवसभर त्यांना पोरं सांभाळायला बसवू नका, त्याही फिरायलाच आल्यात.

एकट्याची रांग, म्हणजे सिंगल रायडर, हा आणखी एक रस्ता. ट्रेनमध्ये तिघांचं कुटुंब चार सीटांच्या ओळीत बसलं की एक सीट उरते, ती भरायला एकट्या माणसाला बोलावतात. वेळ बराच वाचतो, पण शेजारी घरचं कुणी नसेल आणि वयाची किंवा उंचीची अट असते. तेरा वर्षांच्या मुलीला हे आवडू शकतं. आठच्याला मी पाठवणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, फास्ट पास. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता: मशीनमधून वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला परत यायचं. २०२१ मध्ये तो बंद करून त्याजागी पैसे भरून घ्यायची सोय आली. जगभरातल्या बहुतेक मोठ्या पार्कमध्ये आज कुठल्या ना कुठल्या नावाने असा विकतचा पास आहे. तो घेतल्याने काय होतं ते आतून सांगतो. राइडचा वेग वाढत नाही, मघाच्या कोस्टरच्या तासाच्या त्याच १४४० सीटा दोन रांगांत वाटल्या जातात. समजा, प्लॅटफॉर्मवरचा माणूस पासवाल्यांतले तीन आणि साध्या रांगेतला एक असं सोडतोय. मग साध्या रांगेला तासाला ३६० सीटाच उरतात, आणि मघाशी साडेबारा मिनिटांत संपणारी तीच ३०० माणसांची रांग पन्नास मिनिटं घेते. म्हणून पास विकणाऱ्या पार्कमध्ये छोट्या दिसणाऱ्या रांगेवर विश्वास ठेवू नका. मघाशी बाहेरच्या दाराशी उभं राहून मोजायला सांगितलं ना, तिथे पासवाले आणि बाकीचे एकत्रच बाहेर येतात, त्यामुळे अशा राइडला तो हिशेब चालत नाही. रांगेतल्या एखाद्या लाल टोपीवाल्याला हेरा आणि तो पाच मिनिटांत किती सरकतो ते बघा.

तर पास घ्यावा का? एकच दिवस आहे, सुट्टीची गर्दी आहे, आणि काही कारणाने सकाळी लवकर पोहोचणं जमणारच नाही, असं तिन्ही असेल तर घ्या, आणि घेताना कुरकुर करू नका. शाळेच्या दिवशी जाताय आणि उघडायच्या आधी गेटाशी असाल तर घेऊ नका, निम्मा पास वाया जातो. मधल्या परिस्थितीत, म्हणजे बहुधा तुमच्या, मी सकाळ बघून अकराला ठरवतो. अट एवढीच, की आत गेल्यावरही तो मिळतो की आधीच संपतो हे आदल्या दिवशी बघून ठेवायचं. बारीक अक्षरं वाचा: प्रत्येक राइड एकदाच की कितीही वेळा, तुम्हाला हवी असलेली नवी राइड त्यात आहे की तिचे वेगळे पैसे, ठरावीक वेळेला यावं लागतं की केव्हाही. आणि सहा जणांसाठी सहा पास घेऊ नका. सासूबाई कोस्टरवर चढणार नाहीत, धाकट्याला पासवाल्या निम्म्या राइड चालणारच नाहीत. तिघांचे पुरेत. आमच्या काउंटरवर अख्ख्या घराचे पास घेऊन नंतर पस्तावणारी माणसं मी रोज बघायचो.

साडेअकरा ते चार हा पडता काळ आहे, त्यात मोठ्या राइडच्या नादाला लागू नका. थिएटरमधले कार्यक्रम, बोटीची फेरी, आगगाडी, भरपूर माणसं घेणाऱ्या बग्ग्यांच्या राइड, एवढंच. हजार सीटांचा कार्यक्रम एका दमात हजार माणसं आत घेतो, आणि तिथे सासूबाईंना गार हवेत बसायला मिळतं. जेवण अकराला किंवा अडीचला करा. एक वाजता जेवायला गेलात तर दिवसातली सगळ्यांत लांब रांग तुम्हाला तिथेच भेटेल. ॲपवरून ऑर्डर देता येत असेल तर सकाळीच देऊन ठेवा. मुक्काम जवळ असेल तर या वेळेत धाकट्याला घेऊन खोलीवर जा, झोपवा आणि साडेचारला ताजेतवाने होऊन परत या. हे लोकांना जिवावर येतं, ‘तिकिटाचे पैसे भरलेत ना!’ म्हणून. पण पेंगुळलेलं मूल कडेवर घेऊन काढलेले तीन तास पैसे वसूल करत नाहीत.

मिरवणूक किंवा परेड असेल तर तिच्या वाटेवरून लोक हटत नाहीत आणि पार्कच्या दुसऱ्या टोकाच्या राइड अर्धा-पाऊण तास मोकळ्या होतात. धाकटा आणि आजी परेड बघतील, बाकीचे तिकडे धावतील. फक्त परेडच्या वाटेचा दोर पडायच्या आधी पलीकडे गेलेलं बरं, नाहीतर अडकून पडाल.

राइड बंद पडणं हा रोजचा प्रकार आहे. सेन्सरने जरा शंका घेतली तरी सगळ्या गाड्या आपापल्या टप्प्यात थांबतात. ती यंत्रणा तशीच बनवलेली असते, घाबरायचं कारण नाही. तुम्ही रांगेत असताना बंद पडली तर दहा मिनिटं थांबा. घोषणा ‘थोड्या वेळात’ अशी असेल आणि प्लॅटफॉर्मवर टूलबॉक्स घेतलेली माणसं दिसू लागली, तर निघा. उलट, बंद असलेली राइड ॲपवर अचानक ‘५ मिनिटं’ दाखवू लागली आणि तुम्ही जवळच असाल तर सगळं सोडून पळा. पाव तासात ती बातमी पार्कभर होते. पावसाचंही तसंच आहे. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि लोक गेटाकडे निघतात. रेनकोट घालून अर्धा तास आडोशाला काढलात तर मागे राहिलेल्यांना पार्क मोकळं मिळतं. माझ्या मुलाने एकाच कोस्टरच्या लागोपाठ पाच फेऱ्या मारल्या त्या अशाच एका ओल्या संध्याकाळी.

जी रांग लावावीच लागेल ती सुसह्य कशी करायची? शिरण्याआधी सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा. हे हास्यास्पद वाटतं, पण रांगेतून उलट्या दिशेने मूल घेऊन बाहेर पडणारे पालक मी हजारांनी पाहिलेत. चार वर्षांच्या मुलाला ‘अर्धा तास’ कळत नाही, ‘अजून चार वळणं’ कळतं. आणि मोबाइल पहिल्या मिनिटाला काढून देऊ नका, तो शेवटच्या दहा मिनिटांचा हुकमी एक्का आहे. बॅटरीचंही तेच, ॲप, तिकिटं, फोटो सगळं त्याच फोनमध्ये असतं, पॉवर बँक विसरू नका.

तुमचा दिवस मी असा लावेन: पाऊण तास आधी गेटाशी, पहिला सव्वा तास दोन गटांत, धीम्या चक्र्या आणि थोरलीचा कोस्टर. अकराला जेवण आणि पासचा निर्णय. दुपारी बसायच्या राइड आणि कार्यक्रम. साडेचारच्या पुढे सगळे मिळून जे उरलंय ते. पाण्याच्या राइड उन्हाच्या कडाक्यात सगळ्यांनाच सुचतात, म्हणून त्या संध्याकाळच्या सुरुवातीला घ्या, कपडे बदलून मग बाकीचं. यातलं काही बिघडलं, आणि काहीतरी बिघडेलच, तर संध्याकाळचा एखादा भाग सोडा, सकाळचा सोडू नका.

एक गोष्ट आदल्या दिवशी फोन करून विचारा: पार्क बंद व्हायच्या वेळेला राइडची रांग बंद होते की त्या वेळी शेवटची फेरी संपवतात. बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये बंद व्हायच्या मिनिटापर्यंत रांगेत शिरलेल्या प्रत्येकाला राइड मिळतेच. तसं असेल तर बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी सासूबाई आणि पोरांना घेऊन एकाने गेटाकडे हळूहळू चालायला लागायचं, आणि दुसऱ्याने थोरलीला घेऊन सकाळच्याच मोठ्या कोस्टरच्या रांगेत जायचं. पाटीवर चाळीस मिनिटं लिहिलेलं असेल. का ते वर सांगितलंच आहे. शिरा खुशाल.